न्यूरोसायन्सची पदवी आणि तिच्यावरचे कर्ज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मेंदूच्या शास्त्रावर बोलण्याचा या गृहस्थाचा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल, आणि तो योग्यच आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, सातारा जिल्ह्यातील खेड्यांतून छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविलेला मनुष्य. मुलांच्या मेंदूत पाढे उतरविण्यापलीकडे त्या अवयवाशी माझा संबंध आला नाही. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते हिशेबाविषयी, आणि हिशेब हा प्राथमिक शिक्षकाचा प्रांत आहे. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि नंतर घरातल्याच एका निर्णयात मला भाग घ्यावा लागला आहे. दोन्हींची हकीगत आपल्यापुढे ठेवावी, म्हणून चिटणिसांची आज्ञा मी मान्य केली.

आपल्या शिक्षणनिधीकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे परदेशी पदवीचे अर्ज वाढले आहेत आणि त्यांत पूर्वी कधी न ऐकलेल्या विषयांची नावे आढळतात. न्यूरोसायन्स हे त्यांपैकी एक. मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांच्या अभ्यासाचे हे शास्त्र. तसे ते अगदी नवे नव्हे; मज्जापेशींची रचना उलगडल्याबद्दल इटलीचे गॉल्जी आणि स्पेनचे रामोन इ काहाल यांना १९०६ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि स्वतंत्र विषय म्हणून त्याला नाव आणि आसन मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील या शास्त्राची प्रमुख संस्था, सोसायटी फॉर न्यूरोसायन्स, १९६९ साली निघाली. आज तेथील कित्येक महाविद्यालयांत या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. आपल्याकडे मात्र या विषयाकडे जाणारा बहुधा एम.बी.बी.एस. किंवा बी.एस्सी. यांच्या वाटेने जातो. मेंदूवरील संशोधनामुळे जगभर नाव झालेले व्ही. एस. रामचंद्रन हेही प्रथम मद्रासेस वैद्यक शिकले आणि मगच केंब्रिजला गेले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. अमेरिकेत ही पदवी घेणारा विद्यार्थी जीवशास्त्र, रसायन, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे पुष्कळ काही शिकतो. परंतु पदवी हाती पडते तेव्हा तो डॉक्टर नसतो, मानसोपचारक नसतो, औषधविक्रेताही नसतो. परिचारिकेची पदवी घेतलेली मुलगी परवान्याची परीक्षा देऊन लगेच रुग्णालयात कामाला लागते. न्यूरोसायन्सच्या पदवीला असा परवाना नाही. ही पदवी म्हणजे वाटेतले स्टेशन आहे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाला गाडी जाते, पीएच.डी.ला जाते, आणखीही कुठे कुठे जाते. पण ती गाडी मिळेलच असे तिकिटावर लिहिलेले नसते. मी चूक केली ती नेमकी याच ठिकाणी.

२०१६ सालची गोष्ट. आपल्यातील एका कुटुंबातील हुशार मुलाला अमेरिकेतील एका महाविद्यालयात या पदवीसाठी प्रवेश मिळाला. फीचा काही भाग महाविद्यालयाने माफ केला. उरलेल्यासाठी वडिलांनी घर तारण ठेवून बँकेचे ४० लाखांचे कर्ज काढावयाचे ठरविले. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात, आणि मध्यमवर्गीयाकडे तारण म्हणजे राहते घर. त्या गृहस्थांनी माझा सल्ला विचारला. आपल्या निधीच्या अर्जात 'अपेक्षित वेतन' असा एक रकाना आहे. त्यात त्यांनी वर्षाला अडीच लाख डॉलर असा आकडा लिहिला होता. तो वाचून मी मान डोलाविली आणि खाली शिफारशीची सही केली.

तो आकडा खोटा नव्हता. पण तो अमेरिकेतील मज्जारोगतज्ज्ञाच्या मिळकतीचा होता. चार वर्षांची पदवी, त्यापुढे वैद्यकाची चार वर्षे, त्यापुढे रुग्णालयातील चार वर्षांची उमेदवारी, इतके सगळे आटोपल्यावरचा तो आकडा. आम्ही बाराव्या वर्षीचे वेतन चौथ्या वर्षीच्या रकान्यात लिहिले. तिसरीतल्या मुलाने अशी बेरीज मांडली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

त्यातही परदेशी विद्यार्थ्याला तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे दार जवळजवळ बंद असते. थोडीच महाविद्यालये परदेशस्थांना घेतात, आणि त्यांतली काही तर चारही वर्षांची फी आधीच जमा करून दाखवा म्हणतात. ही माहिती २०१६ सालीही उपलब्ध होती. आम्ही विचारली नाही, इतकेच.

मुलगा उत्तम गुणांनी २०२० साली पदवीधर झाला. विज्ञानाची पदवी असल्यामुळे विद्यार्थी-व्हिसावर त्याला एकंदर तीन वर्षे काम करण्याची मुभा होती. एका प्रयोगशाळेत त्याला वर्षाला ४२ हजार डॉलरांची नोकरी लागली. इकडे कर्जाचे काय झाले ते पाहा. दरसाल दहा लाख याप्रमाणे उचललेले ४० लाख, त्यांवर ११ टक्के व्याज, आणि शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. सरळव्याजाने मोजले तरी पाच वर्षांत ते १५ लाख ४० हजार झाले आणि मुद्दल ५५ लाखांवर गेले. दहा वर्षांच्या फेडीला दरमहा ७६ हजार रुपयांचा हप्ता बसला. म्हणजे त्या वेळच्या भावाने हजार डॉलरांच्या घरात. करापूर्वी साडेतीन हजार मिळविणाऱ्या, दोघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने त्यांतून हजार बाजूला काढावयाचे होते. दोन वर्षे त्याने ते काढलेही.

येथे डॉलरविषयी एक शब्द. शिकत असताना रुपया घसरला की फी महागते. नोकरी लागल्यावर रुपया घसरला की हप्ता हलका होतो, कारण कर्ज रुपयांत व मिळकत डॉलरांत असते. या दुसऱ्या गोष्टीवर पुष्कळ लोक विसंबतात. पण व्हिसाची मुदत संपून मुलगा परत आला की तो आधार एका दिवसात नाहीसा होतो, आणि हप्ता जागचा हलत नाही. हा मुलगा २०२३ साली परत आला. आज तो पुण्यात औषधचाचण्यांच्या कामात आहे, चांगले काम करतो, आणि विषय निवडल्याचा त्याला पश्चात्ताप नाही. वडिलांनी निवृत्तीनंतर बांधावयाच्या घराकरिता घेतलेला प्लॉट विकून कर्जाचा काही भाग फेडला. राहत्या घराचे कागद अद्याप बँकेत आहेत. हे सर्व मी त्यांच्या अनुमतीने सांगत आहे. त्यांनी मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही, आणि हे मला अधिक जड जाते.

आता घरची हकीगत. माझी कन्या व जावई कॅलिफोर्नियात राहतात. तेथील नागरिक आहेत. २०२५ च्या वसंतात माझ्या थोरल्या नातीला न्यूरोसायन्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक पूर्वेकडचे नावाजलेले खाजगी विद्यापीठ, दुसरे घरापासून बसच्या अंतरावरचे सरकारी विद्यापीठ. कन्येचा फोन आला, "अण्णा, गावची ती बावीस गुंठे विकली तर निदान दोन वर्षांचं कर्ज टळेल. तुमचं काय मत?"

जमीन वडिलोपार्जित आहे, पण मला प्रिय आहे म्हणून मी नकार दिला असे कोणी समजू नये. मी तिला महिनाभराचा अवधी मागितला आणि वही घेऊन बसलो.

अमेरिकेच्या शिक्षणखात्याने २०१५ सालापासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची माहितीसेवा संगणकावर विनामूल्य ठेविली आहे. तीत महाविद्यालयवार व विषयवार, पदवीनंतरची मिळकत आणि पदवीधराच्या डोक्यावरचे कर्ज यांचे मध्यांक दिलेले असतात. मध्यांक म्हणजे सरासरी नव्हे. वर्गातील मुले उंचीप्रमाणे ओळीने उभी केली तर बरोबर मधल्या मुलाची जी उंची, तो मध्यांक. एखादा ताडमाड मुलगा आला तरी तो फारसा हलत नाही. अशी माहिती सरकार छापते याचे मला कौतुक वाटले. परंतु वाचताना तीन-चार गोष्टी ध्यानात धराव्या लागतात, नाहीतर आकडा खरा असून वाचणारा फसतो.

एक तर त्यांत फक्त सरकारी साहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांची गणना असते. दुसरे म्हणजे, जे अजून पुढे शिकत आहेत त्यांना मिळकतीच्या हिशेबातून वगळलेले असते. न्यूरोसायन्सच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण वैद्यकाला किंवा पीएच.डी.ला गेलेली मुले त्या आकड्यात नाहीतच. जी त्या स्टेशनावर उतरून कामाला लागली, त्यांचाच तो आकडा. कोणी म्हणेल, मग तो आकडा या विषयाला अन्यायकारक आहे. पदवीची अखेरची योग्यता ठरवावयाची असेल तर आहेच. परंतु कर्ज काढणाऱ्याला तोच आकडा हवा असतो, कारण गाडी चुकली तर आपल्या मुलाला कोठे उतरावे लागेल, हे तो सांगतो. आणि कर्जाचा जो मुख्य आकडा तेथे दिसतो त्यात विद्यार्थ्याच्या नावावरचेच सरकारी कर्ज असते; आईबापांनी घेतलेले कर्ज आणि खाजगी कर्ज त्यात धरलेले नसते. ते पाहून कन्या म्हणाली होती, "अण्णा, खाजगी विद्यापीठातल्या मुलांवर काही फार कर्ज दिसत नाही." दिसत नाही हे खरे, ते आईबापांच्या खात्यावर असते.

तेथे विद्यार्थ्याच्या नावे सरकार देते त्या कर्जाला मर्यादा आहे. आईबापांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साडेपाच हजार, दुसऱ्या वर्षी साडेसहा हजार, पुढे दरसाल साडेसात हजार डॉलर. चार वर्षांचे २७ हजार. २०२५–२६ चा व्याजदर ६.३९ टक्के. सर्व रकमेला तोच दर धरून दहा वर्षांत फेडावयाचे म्हटल्यास महिन्याला सुमारे ३०५ डॉलर हप्ता येतो. शिकत असतानाचे व्याज साचू दिले तर थोडा अधिक. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे तेथील मध्यांक वेतन २०२४ साली वर्षाला सुमारे ५२ हजार डॉलर होते, म्हणजे महिन्याला ४,३३३. त्यांतून ३०५ देणारा मनुष्य काटकसरीने राहील, पण उभा राहील.

आता दुसरी बाजू. खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा एकंदर खर्च, राहणे-जेवणे धरून, ९० हजार डॉलर. त्यांनी ४२ हजारांची सूट दिली होती, आणि सूट शब्दाने आम्ही सर्व हुरळून गेलो होतो. जावयांना दरसाल १२ हजार देणे शक्य होते, कारण पाठचा एक मुलगा आहे. नातीच्या नावचे कर्ज वजा करता दरसाल तीसएक हजारांची खिंड उरत होती. ती आईबापांनी 'पेरेंट प्लस' नावाच्या सरकारी कर्जाने भरावयाची. त्याचा २०२५–२६ चा दर ८.९४ टक्के, आणि रक्कम हाती येतानाच चार टक्क्यांहून अधिक शुल्क कापले जाते. शंभर मागावे तर शहाण्णवसुद्धा पुरे पदरात पडत नाहीत. आपल्या गावचा जुना सावकार यापेक्षा फार वेगळे काही करीत नसे. चार वर्षांचे एक लाख वीस हजार डॉलर, दहा वर्षे महिन्याला सुमारे १,५१६ डॉलर. केवळ व्याजच ६२ हजारांच्या आसपास. हा हप्ता जावयांच्या वयाच्या साठीपर्यंत गेला असता. (२०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने असे कर्ज घेणाऱ्या आईबापांना एका अपत्यामागे वर्षाला २० हजार आणि एकंदर ६५ हजार अशी मर्यादा घातली. आमच्या निर्णयाच्या वेळी ती नव्हती.)

सरकारी विद्यापीठात राज्यातील रहिवाशाला फी कमी असते. हे अंतर केवढे असते याचे उदाहरण म्हणून सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतही न्यूरोसायन्सची पदवी आहे. तेथे परराज्यातील वा परदेशी विद्यार्थ्याला रहिवाशाच्या फीवर दरसाल ३४ हजार डॉलरांहून अधिक जादा द्यावे लागतात. प्रयोगशाळा त्याच, अध्यापक तेच. नात घरून जा-ये करणार असल्याने फी, पुस्तके, प्रवास मिळून वर्षाला १९ हजार खर्च येत होता. १२ जावयांचे, उरलेले बहुतेक तिच्या नावच्या कर्जातून. आईबापांच्या डोक्यावर काही नाही.

पुढच्या वाटेचाही विचार करावा लागला. वैद्यकाला गेली तर तेथील डॉक्टर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज घेऊन बाहेर पडतात. त्या ओझ्याखाली आधीचे ओझे असू नये. पीएच.डी.ला गेली तर निराळेच. विज्ञानातील पीएच.डी.ला तेथे बहुधा फी भरावी लागत नाही, उलट निर्वाहवेतन मिळते. तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने २०२४ साली पीएच.डी. करणाऱ्यासाठी वर्षाला २८,२२४ डॉलर आणि पीएच.डी. झाल्यावरच्या पहिल्या वर्षासाठी ६१,००८ डॉलर ठरविले होते. म्हणजे पदवीनंतर पाच-सहा वर्षे बेताच्या विद्यावेतनावर काढावयाची, आणि त्या काळात पदवीच्या कर्जावर व्याज चढत राहावयाचे. ज्या विषयाची खरी मिळकत इतकी लांब आहे, त्याच्या पहिल्याच पायरीवर सर्व पुंजी ओतणे मला पटले नाही. मी कन्येला तसे कळविले आणि वहीची छायाचित्रे पाठविली.

दोन दिवसांनी नातीचा फोन आला. ती विचारीत होती, "आजोबा, तुम्ही सगळं पैशांतच मोजलंत ना? मी हा विषय का घेते ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होते. २०१८ साली माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. त्या उन्हाळ्यात ही अकरा वर्षांची पोर सुटीत आली होती. आजीला तिचे नाव घेता येईना. ओठ हलत, शब्द येत नसे. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की तीच आजी रामरक्षा सुरुवातीपासून म्हणू लागे, आणि चार-दोन ठिकाणी अडखळली तरी पुढे जाई. पोरीने मला विचारले, रामरक्षा येते तर माझे नाव का येत नाही? मला उत्तर ठाऊक नव्हते. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूस पुढे असते, हे फ्रान्समधील ब्रोका नावाच्या वैद्याने १८६० च्या दशकातच दाखविले; मुखोद्गत स्तोत्राची वाट काही अंशी निराळी असल्याने ती कधी कधी शाबूत राहते. पत्नी त्यानंतर तीन वर्षे होती. नाव तिला शेवटपर्यंत नीटसे घेता आले नाही. नातीच्या टेबलावर तेव्हापासून मेंदूची चित्रे आहेत.

मी तिला म्हणालो, "बाळ, विषय तुझा. त्यावर मी एक रेघही ओढलेली नाही. पण हप्ता तुझ्या आईबाबांचा आहे, आणि तो ठिकाणाचा आहे, विषयाचा नाही. तुझा विषय दोन्हीकडे आहे."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही मास्तर झालात तेव्हा असा हिशेब केला होता?" मी खरे ते सांगितले. केला नव्हता, कारण माझ्या अध्यापनाच्या पदविकेला वडिलांना कर्ज काढावे लागले नाही. तेव्हा चूक करणे स्वस्त होते.

२०२५ च्या सप्टेंबरात तिने सरकारी विद्यापीठात नाव घातले. तिने ते मनापासून केले, असे मी येथे सांगणार नाही. तिची मैत्रीण त्या पूर्वेकडच्या विद्यापीठात गेली आणि आमच्या पोरीने पंधरा दिवस माझा फोन घेतला नाही. कन्येलाही त्या नावाची रुखरुख आहे. तशा विद्यापीठांत ओळखी होतात, पुढची दारे लवकर उघडतात, हे तिचे म्हणणे चुकीचे नव्हे. दरमहा १,५१६ डॉलर देण्याइतके ते मोलाचे आहे काय, एवढ्यावरच आमचा मतभेद होता व आहे.

आपल्यापैकी ज्यांची मुले येथूनच जाऊ इच्छितात, त्यांना नातीचा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. परदेशी विद्यार्थ्याला तेथील सरकारी कर्ज मिळत नाही आणि रहिवाशाची फीही लागत नाही. त्यांच्यासाठी ज्या गोष्टीची मला २०१६ साली आठवण झाली नाही ती सांगतो: पहिली पदवी येथे घ्यावी. पुण्यात २००६ पासून आयसर आहे, बंगळुरूस निम्हान्स आहे, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. येथील राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. आणि परदेशी जावयाचेच असेल तर पीएच.डी.च्या वेळी जावे, जेव्हा विद्यापीठ आपल्याला पैसे देते. घराचे कागद कपाटातच राहतात.

अखेरची बाब आपल्या निधीची. अर्जातील 'अपेक्षित वेतन' हा रकाना काढून तेथे 'ही पदवी घेऊन पुढे न शिकल्यास पहिल्या नोकरीचे वेतन' असे लिहावे, त्या शेजारी मासिक हप्ता लिहावा, आणि कर्ज कोणाच्या नावे आहे तेही विचारावे, अशी सूचना मी समितीपुढे ठेविली आहे. नव्या अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर आहे. मी मघाशी ज्यांचे सांगितले त्या गृहस्थांनी तो सकाळी वाचला व एक दुरुस्ती सुचविली. तारण ठेवलेल्या घरात सध्या कोण कोण राहते, असाही एक रकाना असावा, असे ते म्हणाले. तो मी शाईने वाढविला आहे.